डबा हा प्रवासी नाही

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असतील तर ते एका बस कंडक्टरचे. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो, अजूनही म्हणतो.

मी अहेरीला अकरावी-बारावी शिकत होतो तेव्हा गावाहून रोज सकाळी त्यांच्या गाडीतून माझा डबा यायचा. आमचं गाव अहेरीपासून जंगलातून बरंच आत आहे. गाडी दिवसातून एकच. संध्याकाळी यायची, रात्रभर गावातच उभी राहायची आणि उजाडताना परत निघायची. म्हणून तिला मुक्कामी गाडी म्हणतात. ती निघायच्या आधी बाया डबे घेऊन यायच्या. ड्रायव्हरच्या बाजूला इंजिनावर जे झाकण असतं त्यावर डबे रचले जायचे, म्हणजे इंजिनाच्या उबेनं भात अहेरीपर्यंत कोमट राहायचा. डब्याचं तिकीट काढायचं असतं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

एकदा गाडी अर्ध्या रस्त्यात बंद पडली. भाऊंनी सगळे डबे एका पोत्यात घातले, बांबूच्या ट्रकला हात दाखवला आणि दुपारी कॉलेजच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. मी म्हटलं, भाऊ, एक दिवस उपाशी राहिलो असतो तर काय झालं असतं. ते म्हणाले, ‘‘तुले काई नसतं झालं बाबू. मले मात्र तुह्या मायनं गावात मुक्काम करू देल्ला नसता.’’

त्या डब्यावर मी बारावी झालो. मग चंद्रपूरला इंजिनिअरिंग केलं. आमच्या घरात पदवी मिळवलेला मी पहिलाच. आज चंद्रपूरच्याच एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे आणि हवा स्वच्छ असली तर खिडकीतून ऊर्जानगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात.

मी नेमकं काय काम करतो हे आईला मला अजून नीट सांगता आलेलं नाही. ती शेजारणींना सांगते, ‘‘थो कम्प्युटरमंदी गोष्टी लिहिते.’’ हे तसं चूक नाही. सॉफ्टवेअर बनवायच्या आधी ते कुणासाठी आणि कशासाठी हे एकेका वाक्यात लिहून काढावं लागतं. एक अमुक म्हणून मला तमुक हवं आहे, म्हणजे मला असं असं करता येईल. याला यूजर स्टोरी म्हणतात. प्रत्येक स्टोरी एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहायची आणि चिठ्ठी फळ्यावर लावायची. यातली कोणती या पंधरवड्यात करायची, कोणती पुढच्या, कोणती त्याच्याही पुढे, हे ठरवून घेणं माझं काम. मला ही पद्धत पहिल्या दिवसापासून आवडली. कारण वाक्य माणसापासून सुरू होतं. यंत्राला काय येतं ते नंतर.

आमच्या भागात ज्या संस्थेच्या गाड्या चालतात, तिचं काम आमच्या कंपनीला मिळालं तेव्हा मला किती आनंद झाला हे सांगून कळणार नाही. कोणती गाडी कुठून कधी सोडायची, कोणत्या फेरीला किती माणसं असतात, चालक-वाहकांच्या ड्युट्या कशा लावायच्या, हे सगळं सॉफ्टवेअरवर आणायचं होतं. चाचणीसाठी अहेरीचं आगार निवडलं गेलं. मी कंपनीतल्या साहेबांना सांगून ते काम मागून घेतलं. ज्या गाड्यांनी मला शिकवलं त्यांच्यासाठी आता आपण काहीतरी करू, असं मला खरोखर वाटत होतं.

आगारात वाहक-चालकांच्या विश्रांतीच्या खोलीत मी त्यांना स्टोरी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मग एकानं विचारलं, हिरोईन कोण हाय? मी म्हटलं, पिक्चरची स्टोरी नाही, तुम्हाला काय पाहिजे ते फक्त सांगायचं, पण सुरुवात ‘एक वाहक म्हणून’ अशी करायची. मागच्या खाटेवरून आवाज आला, ‘‘एक वाहक म्हणून मले सुटे पैसे घेऊन चढणारा प्रवासी पाह्यजे, म्हणजे सकाळी सकाळी तोंड खराब होणार नाई.’’ त्यावर एक चालक म्हणाला, ‘‘एक ड्रायव्हर म्हणून मले दुसरा कंडक्टर पाह्यजे.’’ खोली हसत होती आणि मी लिहीत होतो. ते दिवस चांगले होते.

त्याच संध्याकाळी मी मुक्कामी गाडीनं गावी गेलो. भाऊ निवृत्त होऊन आता अहेरीतच राहतात. वाहक नवीन होता, गाडीही नवी होती, पण सकाळी उठून पाहतो तर इंजिनाच्या झाकणावर डबे तसेच. पूर्वीपेक्षा कमी. एक डबा माझ्या चुलतभावाच्या घरचा होता. त्यांची मुलगी, माझी पुतणी, अहेरीला अकरावी सायन्सला आहे. होस्टेलच्या यादीत तिचं नाव लागलं नाही, म्हणून दोन मुलींबरोबर खोली करून राहते. घरमालक खोलीत गॅस ठेवू देत नाही. कॉलेज गाडी पोचायच्या आधीच सुरू होतं, म्हणून डबा घ्यायला भाऊ स्टँडवर येतात आणि तिच्या खोलीवर नेऊन ठेवतात. हे करायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही. मुलीला नर्सिंगला जायचं आहे.

वहिनी डबा ठेवून आमच्या अंगणात आल्या. मी कोणतं काम घेऊन आलो ते गावात कळलंच होतं. त्या उभ्याउभ्याच बोलल्या.

‘‘भाऊजी, गाडी बंद होणार म्हणतात. खरं काय?’’

मी म्हटलं, असं काही ठरलेलं नाही.

‘‘ठरलं तर सांगा. गाडी हाये म्हणून पोट्टी शिकून राह्यली. गाडी गेली का तिले घरी आणा लागते. अन् घरी आली का तुमचे दादा थांबत नाईत, लग्नासाठी पाहुणे पाह्याले लागतीन. मले तोंडावर नाई म्हणता येत नाई त्याइले.’’

एवढंच त्या म्हणाल्या आणि गोठ्याकडे गेल्या. मी पुतणीला चंद्रपूरला माझ्याकडे न्यायचं म्हणून पाहिलं. दादा म्हणाले, तूच दुसऱ्यांसोबत एका खोलीत राहतोस, पोरीला कुठे ठेवशील?

चंद्रपूरला परत आल्यावर मी पहिली चिठ्ठी लिहिली ती अशी: ‘एक आई म्हणून मला रोज सकाळच्या गाडीत मुलीचा डबा ठेवता यावा, म्हणजे ती अहेरीला राहून शिकू शकेल.’ चिठ्ठी नियमात बसत होती. कोण, काय, कशासाठी, तिन्ही गोष्टी होत्या. मी ती फळ्यावर सगळ्यात वर लावली.

दर पंधरवड्याला आढावा असायचा. संस्थेकडून एक मॅडम यायच्या. कोणती स्टोरी घ्यायची आणि कोणती नाही, यात शेवटचा शब्द त्यांचा. त्या कधी कुणावर ओरडल्या नाहीत, वेळेवर यायच्या, सगळं वाचून यायच्या. त्यांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि मला विचारलं, ‘‘ही आई प्रवासी आहे का?’’

नाही, मी म्हटलं.

‘‘कर्मचारी?’’

नाही.

‘‘मग ती आपल्या सिस्टीममध्ये कुठे येते?’’

मी सांगितलं की ती कुठेच येत नाही, म्हणूनच चिठ्ठी लिहिली. डब्याचं सांगितलं, इंजिनाच्या झाकणाचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘गोष्ट चांगली आहे. पण ही गोष्ट आहे, स्टोरी नाही.’’

आमच्या टीममधल्या एका मुलीनं मला वाचवायचा प्रयत्न केला. डब्याला पार्सल म्हणू या, ती म्हणाली. पार्सल सिस्टीममध्ये होतंच. पण पार्सलला नोंदणी लागते, नोंदणीला खिडकी लागते, आणि गावात खिडकी कुठली? आमच्या गावात गाडी वडाखाली थांबते. मॅडमनी चिठ्ठी फाडली नाही. ‘नंतर’ नावाच्या रकान्यात लावायला सांगितली. प्रत्येक फळ्यावर असा एक रकाना असतो. तिथे गेलेली चिठ्ठी परत आलेली मी अजून पाहिलेली नाही. वारा आला की ती पडते आणि झाडणारी बाई ती टेबलावर ठेवून देते.

त्यानंतरची स्टोरी मॅडमनी स्वतः सांगितली आणि मी लिहून घेतली. एक आगार व्यवस्थापक म्हणून मला कमी भारमानाच्या फेऱ्या एका नजरेत दिसाव्यात, म्हणजे निर्णय घेता येईल. भारमान म्हणजे गाडीतल्या जागांपैकी किती भरल्या ते. या स्टोरीत कुणालाच काही अडचण आली नाही. सगळा हिशेब तिकिटांच्या मशीनमधून आपोआप येत होता. अख्ख्या प्रोजेक्टमध्ये एकही चूक न निघालेली ती एकच स्टोरी. स्क्रीन उघडली की कमी भारमानाच्या फेऱ्या लाल रंगात वरून खाली लागायच्या. आमची मुक्कामी गाडी पहिल्या ओळीत होती.

असं होणार हे मला आधी कळायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. कळलं होतं. पण ती स्टोरी मी लिहिली नसती तर बाजूच्या टेबलावरच्यानं लिहिली असती, आणि गाडीत माणसं कमी होती हे तर खरंच होतं. आमच्या गावातली माणसं रोज उठून अहेरीला जाणार कशाला? धानाची कामं असतात, मोहफुलं वेचायचे दिवस असतात. त्यांना गाडीत बसायचं नसतं. गाडी यावी एवढंच हवं असतं. हे वाक्य कोणत्या चिठ्ठीवर कसं लिहायचं ते मला आजही सुचत नाही.

तेव्हा मी दादांना फोन केला. सांगितलं की गाडीत माणसं दिसली पाहिजेत, नाहीतर भारमानाचा अहवाल निघाला की गाडी राहणार नाही. अहवाल कधी निघणार, त्यांनी विचारलं. पहिला सोमवारी, मी म्हटलं. माझ्या मनात होतं की आतापासून ज्यांना जमेल त्यांनी कामं काढून गाडीनं जावं-यावं, म्हणजे हळूहळू आकडा वर येईल. दादा म्हणाले, समजलं, तू काळजी करू नको.

त्यांना जे समजलं ते आमच्या गावात कुणालाही तसंच समजलं असतं. आमच्याकडे तपासणी एका दिवसाची असते. शाळेत साहेब येणार असले की त्या दिवशी सगळी पोरं हजर, भिंत सारवलेली, फळा पुसलेला. साहेब पाहून जातात आणि शाळा चालू राहते. सोमवारी गाडीची तपासणी आहे असं गावानं धरलं. त्या सोमवारी सकाळी अख्खं गाव मुक्कामी गाडीत बसलं.

हे मला भाऊंनी फोनवर सांगितलं. ते नेहमीसारखे स्टँडवर डबा घ्यायला आले होते. गाडी आली ती दारापर्यंत भरलेली. म्हातारे धुतलेले कपडे घालून, बाया नवी लुगडी नेसून, कुणाच्या कडेवर लेकरं. सगळ्यांनी तिकीट काढलेलं आणि तिकीट हातात धरून ठेवलेलं, कुणी विचारलं तर दाखवायला. माझी आईसुद्धा त्यात होती. वहिनींनी डबा झाकणावर न ठेवता मांडीवर घेतला होता. उतरून कुणालाच अहेरीत काम नव्हतं. चहा प्यायले, स्टँडच्या सावलीत बसून राहिले, साहेब कुठून येतात ते पाहत. संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. भाऊ सांगताना हसत होते.

‘‘मी नोकरीत असतो तर तिकिटा फाडून फाडून हात दुखला असता. पण लेका, गाडी कशी भरून आली तं पाह्यची होती तू. आता कोणाची हिंमत हाय बंद कराची.’’

मी हो म्हटलं. माझ्यासमोर तेव्हा आलेख उघडाच होता. सगळे दिवस खाली एका ओळीत आणि तो सोमवार एकटा उंच. त्याच्या शेजारी बारीक अक्षरात लिहून आलं होतं: विशेष दिवस, सरासरीतून वगळला. यात्रेच्या दिवशी गाड्या भरून जातात आणि त्यामुळे अंदाज चुकतो, म्हणून असे दिवस आपोआप बाजूला काढायची सोय संस्थेनं मागितली होती. सोय बरोबर चालत होती.

मी मॅडमना फोन करून खरं काय झालं ते सांगितलं. त्यांनी तारीख विचारून घेतली. मग म्हणाल्या, तो दिवस धरून सरासरी काढून पाहा. मी काढलं. सरासरी काही महिन्यांची होती. एका सोमवारानं ती किती हलणार? ओळ लालच राहिली, फक्त पहिली होती ती दुसरी झाली. मॅडम म्हणाल्या, मी वर बोलून पाहते. त्या बोलल्या असतील, मला शंका नाही. वरून काही आलं नाही.

दादांना फोन करून मी सांगू शकलो असतो की रोज जा. पण रोज कोण जाणार? धानाची रोवणी तोंडावर आली होती. आणि ज्यांनी एकदा एवढं केलं होतं त्यांना, ते धरलंच नाही, हे कसं सांगायचं? मी सांगितलं नाही. गावात अजूनही समज असा आहे की तपासणी चांगली झाली, पण वरच्या कुणीतरी मुद्दाम खोडा घातला. राहू दे तो समज.

चाचणी यशस्वी झाली. हेच सॉफ्टवेअर आता दुसऱ्या आगारांनाही देणार आहेत. ऑफिसात समोसे आले, साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, याच भागातला मुलगा म्हणून. मी आभार मानले. समोसा खाल्ला. दुसऱ्याच दिवशी अहेरी आगारातून एका वाहकाचा फोन आला, मुक्कामी गाडीचा आदेश निघाला म्हणून.

भाऊंना मी फोन लावला. तब्येत विचारली, गुडघ्याचं विचारलं, आणि ठेवून दिला. म्हणून मग पत्र लिहिलं. ते असं:

भाऊ, नमस्कार.

परवा फोनवर एक सांगायचं राहिलं. एक तारखेपासून आपल्या गावची मुक्कामी गाडी बंद होत आहे. ती यापुढे मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापर्यंतच जाईल आणि तिथूनच संध्याकाळी परत फिरेल, म्हणजे सकाळची गाडी राहणार नाही. आदेश आगारात आला आहे. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं असं वाटलं. ज्या कामातून हे ठरलं ते काम माझ्याकडे होतं, हे तुम्हाला माहीत आहेच.

मी संस्थेच्या मॅडमशी बोललो, लेखीही दिलं. गावानं काय केलं तेही सांगितलं. त्यांनी ऐकलं. यापुढे काही करता येईल असं मला दिसत नाही. तुम्ही म्हणाल, निघेल काहीतरी. मला तसं वाटत नाही, म्हणून तुम्हाला खोटा धीर देत नाही.

वहिनींशी बोलणं झालं. दादा रविवारी पुतणीला न्यायला येतील. खोलीचं सामान फारसं नाही. पुस्तकं माझ्याकडे ठेवतो म्हटलं तर ती नको म्हणाली, सोबतच नेणार आहे. परीक्षेला बसू देतो एवढं दादांनी कबूल केलं आहे. प्रॅक्टिकल बुडाल्यावर परीक्षेचं काय होतं ते मला माहीत आहे, त्यांना माहीत नाही. मी सांगितलं नाही, नाहीतर तेवढंही कबूल करणार नाहीत. पाहुण्यांचं अजून कुणी काही बोललेलं नाही.

तुम्ही माझ्यासाठी जे केलं तेच तिच्यासाठी करत होतात, आणि तेही नोकरी संपल्यावर. मी नोकरीत असून मला ते जमलं नाही. याबद्दल तुम्ही मला काही बोलणार नाही हे मला माहीत आहे, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

एक विनंती आहे. तुम्ही सकाळी लवकर उठून स्टँडवर जाता, तिथल्या सिमेंटच्या बाकड्यावर बसता आणि गाडीला उशीर झाला की कितीही वेळ थांबता. एक तारखेपासून जाऊ नका. सवयीनं गेलात तरी, आज उशीर झाला असेल असं समजून बसून राहू नका. गाडी येणार नाही.

तुमचा.